एकादशीच्या गोचिडी

हैदराबादला काचीगुड्यात स्टेशनच्या मागच्या अंगाला डॉक्टर विक्रम यांचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. तिथं येणारी माणसं आत पाऊल टाकलं की डॉक्टरांच्या आधी जयवंताबाईंना शोधतात. नाव फार थोड्यांना ठाऊक. कुणी अम्मा म्हणतं, कुणी चिमटेवाली बाई. कागदावर त्या मदतनीस. पण कुत्र्याच्या कानातली गोचीड काढावी तर त्यांनीच, असं मलकपेठेपासून अंबरपेठेपर्यंतची कुत्री पाळणारी घरं सांगायची.

हात लहानपणापासून बसलेला. माहेर भालकीच्या बाजूला, शेतकऱ्याचं. उन्हाळ्यात शाळा सुटली की पोरींनी म्हशींच्या कासेखाली बसायचं, फुगलेल्या गोचिडी एकेक करून ओढायच्या आणि गोवरीच्या निखाऱ्यावर टाकायच्या. वडील माळकरी होते. त्यांचा एक नेम होता, एकादशीला निखारा पेटवायचा नाही. गोचीड काढायची, कारण म्हशीला त्रास होतो, पण मारायची नाही. करवंटीत घालून वर दगड ठेवायचा आणि द्वादशीला पारणं झाल्यावर जाळायच्या. ‘आजचा दिवस त्यांचा पण आहे,’ असं वडील म्हणायचे. जयवंताबाईंनी यात खोट कधी काढली नाही. सातवीपर्यंतची मराठी शाळा, मग लग्न, मग सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात कामाला असलेला नवरा, प्रकाशराव, आणि हैदराबाद. गाव सुटलं, म्हशी सुटल्या, गळ्यातली तुळशीची माळ आणि एकादशी तेवढी राहिली.

डॉक्टरांनी त्यांना नवं पुष्कळ शिकवलं. चिमटा कातडीला अगदी लावून धरायचा, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, तोंड आत राहिलं की गळू होतं. वर रॉकेल ओतायचं नाही, काडी लावायची नाही, कारण मरता मरता ती पोटातली घाण कुत्र्याच्या रक्तात ओकते. नखानं चिरडायची नाही. काढली की थेट स्पिरिटच्या बाटलीत. कुत्र्याची शी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं कामही त्याच करत, आणि डॉक्टर यायच्या आधी स्वतः डोळा लावून बघत. आकडेकृमीची अंडी त्यांना आता तांदळातल्या खड्यांसारखी ओळखू यायची.

“अम्मा, लहसुन खिलाया, नीम खिलाया, फिर भी कीडे गिर रे,” एखादा बाप्या पिल्लू काखेत मारून सांगायचा.

“लहसुन तुम खाव. इसको गोली देव. पंद्रा दिन में फिर लाव, तीन महिने का होने तक लाते रहना. भूलना नक्को.”

“हौ अम्मा.”

“हौ बोलके जाते, फिर आते नहीं. पिल्लू मर गया तो रोते.”

अशी त्यांची जीभ. पण कुत्रं त्यांच्या हाताखाली गप्प पडून राहायचं, म्हणून लोक जीभ ऐकून घ्यायचे.

हल्ली महिन्याची गोळी निघाली आहे. ती पोटात गेली की कुत्र्याला चावलेली गोचीड दिवसाभरात आपोआप मरून पडते. तरी जयवंताबाईंना काम होतंच. गोळी न परवडणारी माणसं होती, आणि गोळी द्यायचं विसरणारी त्याहून जास्त.

एकादशीचा नेम त्यांनी दवाखान्यातही पाळला. त्या दिवशी काढलेल्या गोचिडी स्पिरिटमध्ये न टाकता कोरड्या बाटलीत जमवायच्या. झाकण लावलं तर आत गुदमरतील, म्हणून तोंडाला कापसाचा बोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून स्पिरिट.

डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ते हसायचे.

“काय बाई, आज जामीन का?”

“हो साहेब.”

“आणि उद्या फाशी. अहो, तुमच्या देवाला कळत नाही का हे?”

“देवाला सगळं कळतं. माणसानं आपल्याकडून एक दिवस तरी हात आवरावा, एवढंच आहे ते.”

डॉक्टर मान हलवून पुढच्या कुत्र्याकडे वळायचे. नको म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही. हेही लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं कुणीच ते लक्षात ठेवलं नाही.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत सहा पिंजरे आहेत. माणसं परगावी निघाली की कुत्री तिथं ठेवून जातात. त्या खोलीचं सगळं कोंडाबाईंकडे होतं: धुणं, पुसणं, खाऊ घालणं, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणं. त्या नांदेडकडच्या, बौद्ध घरातल्या, जयवंताबाईंपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्याच असतील. आठ वर्षं झाली होती त्यांना तिथं. जयवंताबाई त्यांना अगं-तुगं करायच्या आणि त्या जयवंताबाईंना अहो-जाहो. चारच्या चहाला दोघी मागच्या पायरीवर बसायच्या. कोंडाबाईंचा स्टीलचा पेला त्यांनी पहिल्याच दिवशी घरून आणला होता. का आणला हे कुणी विचारलं नाही, आणि नको आणू असंही कुणी म्हटलं नाही. बोलणं मात्र मोकळं चालायचं.

“तुमचा उपास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, रताळं, बटाटा,” कोंडाबाई म्हणायच्या. “माझ्या घरी रोजच्याला एवढं होत नाही.”

“मग तू पण धर.”

“मी धरला तर तुमचा देव घाबरंल. म्हणंल, ही कोण आली आता नवी गिऱ्हाईक.”

दोघी हसायच्या.

त्या वर्षी वैशाखातली एकादशी शनिवारी आली. ऊन असं की कुत्री जीभ बाहेर काढून टेबलावर आडवी पडत होती, आणि गोचिडींना तर उन्हाळा मानवतोच. एका जर्मन शेफर्डच्या कानांतून आणि बोटांच्या बेचक्यांतून जयवंताबाईंनी चाळीसच्या वर काढल्या. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या होत्या, मुगाच्या दाण्याएवढ्या फुगलेल्या, राखाडी माद्या. बाटलीत घातल्या, बोळा लावला. डॉक्टरांच्या टेबलावर आज दुसरं सामान होतं, म्हणून बाटली मागच्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवली. निघताना लक्षात आलं की उद्या द्वादशी, पण उद्या रविवार. दवाखाना बंद. कोंडाबाई तेवढ्या पिंजऱ्यांसाठी येऊन जाणार. आत्ताच स्पिरिट घालावं का, असं क्षणभर मनात आलं. मग त्यांनी माळेला हात लावला. सोमवारी बघू.

सोमवारी बाटली खिडकीत उभीच होती, पण रिकामी. बोळा बाजूला पडलेला.

जयवंताबाईंनी बाटली उलटी करून बघितली. त्या खाली बसल्या, फरशीच्या फटी बघितल्या, पिंजऱ्यांचे पाय बघितले, भिंतीवरून हात फिरवला. एकही दिसली नाही. पलीकडे कोंडाबाई बादलीत फिनेल ओतत होत्या. एक शब्द विचारायचा होता: कोंडाबाई, बाटलीतल्या गोचिडी कुठं गेल्या? पण विचारलं की मान्य करावं लागणार, आपण त्या जित्या सोडून घरी गेलो म्हणून. दवाखान्यातल्या एकवीस वर्षांत त्यांच्याकडून अशी चूक झाली नव्हती. हिनंच काल टाकून दिल्या असतील, त्यांनी मनाशी ठरवलं. असं ठरवलं की बरं वाटलं. बाटली धुवून ठेवली आणि कामाला लागल्या.

फुगलेली मादी गोचीड कुत्र्यावरून उतरली की फट शोधते. चार-पाच दिवसांनी अंडी घालायला लागते आणि दोन-तीन हजार अंडी घालूनच मरते. महिनाभरात त्यांतून मोहरीपेक्षा बारीक पिल्लं निघतात आणि भिंतीनं वर चढतात. हे जयवंताबाई गिऱ्हाइकांना एकवीस वर्षं सांगत आल्या होत्या. घरातल्या एका गोचिडीकडं दुर्लक्ष करू नका म्हणून.

ज्येष्ठात सत्यवतीगारूंची बुज्जी बारा दिवस मागच्या खोलीत राहायला आली. सत्यवतीगारू म्हणजे मलकपेठेतल्या एकट्या राहणाऱ्या तेलुगू बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या; ‘गारू’ म्हणजे तेलुगूतलं ‘जी’. बुज्जी त्यांची नऊ वर्षांची पांढरी पॉमेरेनियन. बारा दिवसांनी घरी गेली, आणि आणखी पंधरा दिवसांनी सत्यवतीगारू तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, अंगात ताप. टेबलावरच तिनं लघवी केली, ती कडक चहाच्या रंगाची. डॉक्टरांनी काही न बोलता कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून काचेवर घेतला. जयवंताबाईंनी काच रंगवली आणि सवयीनं आधी डोळा लावला. तांबड्या पेशींच्या आत नासपतीच्या आकाराचे ठिपके बसलेले होते. गोचीडताप. त्या बाजूला झाल्या.

बुज्जीला इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, दुसऱ्या कुत्र्याचं रक्तही चढवलं. चौथ्या दिवशी ती गेली. सत्यवतीगारू रडल्या नाहीत. त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या, मोबाईलचा दिवा लावून खिडकीच्या चौकटीवर धरला आणि डॉक्टरांना हाक मारली.

“इटु चूडंडी, डॉक्टरगारू. इकडे बघा.”

चौकटीच्या फटीतून बारीक तपकिरी ठिपके एका ओळीत वर चालले होते.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. खोली बंद झाली, पिंजरे बाहेर निघाले. औषध फवारणारी माणसं आली. त्यांनी फटीफटीत नळी घातली आणि अंडी औषधाला दाद देत नाहीत, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारायला येऊ, असं सांगून गेली. सत्यवतीगारूंनी दोनच प्रश्न विचारले होते: हे कसं झालं, आणि कुणाच्या हातून झालं. डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं. दवाखान्याला नाव त्यांचं स्वतःचं होतं. गोचिडी मागच्या खोलीत निघाल्या, आणि मागची खोली कोण पुसतं?

“आठ वर्षं ठेवली तुला,” डॉक्टर कोंडाबाईंना म्हणाले. दार उघडंच होतं, जयवंताबाई समोर कापूस कापत होत्या. “एका खोलीची फरशी तुला नीट पुसता येत नाही. तुमच्या लोकांना स्वच्छता सांगून सांगून तोंड दुखतं.”

कोंडाबाई उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं नाही. त्यांनी जयवंताबाईंकडे बघितलं. जयवंताबाईंनी कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि कापसाची पट्टी होती तेवढीच पुन्हा कापली.

“बरं साहेब,” कोंडाबाई म्हणाल्या. पायरीवरचा पेला पिशवीत घातला आणि गेल्या.

त्या दिवसापासून जयवंताबाईंचं मन नामस्मरणात बसेना. पहाटे माळ घेऊन बसायच्या आणि दहा मण्यांच्या पुढं बोटं थांबायची. प्रकाशराव विचारायचे, “बरं नाही का?” त्या म्हणायच्या, “उष्णता झाली.” देवाला सगळं कळतं असं त्यांनीच डॉक्टरांना ऐकवलं होतं. आता तेच नको वाटत होतं. उद्या सांगू, दुसरी फवारणी झाली की सांगू, डॉक्टरांचा राग निवला की सांगू, असं करत अठरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी कोंडाबाईंची मुलगी रोशनी दवाखान्यात आली. कॉलेजात शिकणारी, डोक्यानं तल्लख पोर. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

“अंकल, आईनं दोन जागी काम विचारलं. दोन्हीकडच्यांनी तुम्हालाच फोन केले. तुम्ही सांगितलं म्हणे, ती गंदगी करते.”

“मी जे झालं ते सांगितलं.”

“एक लेटर द्या ना. आठ साल काम केलं इतकंच लिहा.”

“ते नाही जमायचं, बेटा. एक कुत्रं मेलंय इथं.”

रोशनी वळली. जाता जाता जयवंताबाईंपाशी थांबली. “आंटी, तुम्ही तर होतात ना इथं आठ वर्षं? आई गंदी होती का?”

“नाही गं,” जयवंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

पोरगी गेली, आणि त्यांनी डॉक्टरांच्या खोलीचं दार आतून लोटलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शनिवार, एकादशी, बाटली, कापूस, रविवार. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मला आत्ता कशाला सांगता?”

“माझी चूक होती साहेब. कोंडाबाईला परत बोलवा. मला काढा हवं तर.”

“तुम्हाला काढून टेबलावर कोण उभं राहील? आणि सत्यवतीगारूंना काय सांगू? एकवीस वर्षं माझ्याकडे असलेली बाई एकादशीला गोचिडी पाळते, आणि मला ते ठाऊक होतं? बोर्ड उतरवावा लागेल माझा.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्यांना कोंडाबाईचं नाव सांगून झालंय. नवी बाई लागलीय. झालं ते झालं. बाहेर दोन पेशंट आहेत, बघा.”

संध्याकाळी जयवंताबाई अंबरपेठेत कोंडाबाईंच्या घरी गेल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच, पत्ता विचारत विचारत. घर लख्ख होतं. फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, खाली पुसून ठेवलेली भांडी, पाय ठेवायला संकोच वाटावा अशी फरशी. कोंडाबाईंनी पाणी दिलं. जयवंताबाई ते सगळं प्यायल्या आणि बोलायला लागल्या.

“मला ठाऊक आहे,” कोंडाबाई मध्येच म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“त्या रविवारी मी आले तर बाटली आडवी झाली होती. वाऱ्यानं झाली, कशानं झाली. भुईवर चालल्या होत्या. म्हटलं, ह्या बाईंच्या एकादशीच्या. साहेबांना दिसलं तर तुम्हाला बोलतील. दिसल्या तेवढ्या वेचल्या, फिनेलात घातल्या. पंचवीस-सव्वीस असतील. बाटली उभी करून ठेवली.”

जयवंताबाईंनी रिकामं भांडं खाली ठेवलं.

“मला वाटलं तेवढ्याच होत्या,” कोंडाबाई म्हणाल्या. “सोमवारी तुम्ही भिंतीवर हात फिरवत होता, मी बघत होते. म्हटलं, आता विचारतील. किती होत्या हे एका शब्दानं सांगितलं असतं तर मी खिडकीची चौकट उचकटली असती. दोघींनी मिळून शोधल्या असत्या.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंस? त्या दिवशी सांगायचं होतंस.”

“मी?” कोंडाबाईंनी पदरानं मान पुसली. “मी सांगितलं असतं तर साहेब काय म्हणाले असते? चूक करून वर दुसऱ्या बाईचं नाव घेते. त्यांनी तुम्हाला काढलं नसतंच. तुम्ही बोलाल म्हणून बघत होते मी तुमच्याकडं. तुम्ही कापूस कापत होता.”

रोशनी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. तिनं पान उलटलं नाही.

“आता काय करू सांग,” जयवंताबाई म्हणाल्या. “काय म्हणशील ते करते.”

“मलकपेठेत एक दवाखाना आहे, अपर्णा मॅडमचा. तिथं मी विचारून आले होते. तिथं येऊन सांगा. साहेबांनी फोनवर जे सांगितलं ते खोटं आहे, एवढंच. माझ्यासमोर सांगा.”

“येते. उद्याच येते.”

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. बसमध्ये जागा होती, तरी कोंडाबाई पुढच्या बाकावर बसल्या. अपर्णा मॅडम तरुण, शांत बाई. मांजराच्या पिल्लाच्या मानेवर पिसवांचं औषध टिपून लावत होत्या. समोरच्या एका गृहस्थाला सांगत होत्या, कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, मरेल. जयवंताबाईंची वेळ आल्यावर त्यांनी मॅडमना सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही मागं ठेवलं नाही. एकादशीही सांगितली. मॅडम ऐकत राहिल्या.

“तुम्ही स्वतः होऊन सांगायला आलात, हे चांगलं केलंत,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण गेल्या सोमवारी मी दुसऱ्या बाईला ठेवलं. डॉक्टरांशी बोलणं झालं आणि मग मी थांबले नाही. आधी आला असतात तर...” त्या कोंडाबाईंकडे वळल्या. “तुमचं नाव आणि नंबर लिहून ठेवते. जागा झाली तर कळवीन.”

कोंडाबाईंनी नंबर सांगितला. मॅडमनी लिहून घेतला.

बाहेर स्टॉपवर ऊन उभं होतं. जयवंताबाईंनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले, सोडले.

“मी दुसरीकडं पण येते,” त्या म्हणाल्या. “जिथं म्हणशील तिथं सांगते.”

“सांगा,” कोंडाबाई म्हणाल्या. “तुम्हाला सांगायला काय जातं आता? तुमचं काम आहे.”

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अंबरपेठेची बस आली. कोंडाबाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि समोर बघत राहिल्या. बस हलली तरी त्यांनी मान वळवली नाही.

जयवंताबाई दुपारी दवाखान्यात पोचल्या. चार कुत्री थांबली होती. डॉक्टरांनी उशीर का झाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.